ऑनलाइन एमए आणि ओटीए: आधी, सोबत की दोन तुकड्यांत?

कोल्हापूरच्या रंकाळ्यावर पहाटे पळणाऱ्यांत सीडीएसची, म्हणजे सैन्यात अधिकारी होण्यासाठीच्या प्रवेश परीक्षेची, तयारी करणारे हमखास भेटतात. पदवी झालेली असते, चेन्नईच्या ओटीएचा (लष्करी अधिकारी घडवणाऱ्या अकादमीचा) 49 आठवड्यांचा कोर्स डोळ्यांसमोर असतो आणि घरच्यांचा घोर एकच: "पीजीचं (पदव्युत्तर शिक्षणाचं) काय?"

'सोबत करू' हा पर्याय आधीच खोडून टाका. पहाटे पीटी, मग ड्रिल, शस्त्र प्रशिक्षण, वर्ग, संध्याकाळी खेळ, आणि रात्री उद्याचा गणवेश-बूट तयार करणं. मोबाइल ठरावीक वेळेलाच हातात येतो. कॅमेऱ्यासमोर बसून द्यायची ऑनलाइन परीक्षा तिथे कुठून देणार? कमी पडलात तर रिलेगेशन, म्हणजे मागच्या तुकडीत रवानगी. शिवाय प्रशिक्षण पूर्ण केल्यावर मद्रास विद्यापीठाची पदव्युत्तर पदविका मिळतेच.

'आधी पीजी पूर्ण' यात मनाची शांतता आहे, पण वयाचं गणित आवळतं. ओटीएची मर्यादा 25 पर्यंत आणि वय कोर्स सुरू होण्याच्या सुमारास मोजलं जातं. सीडीएस वर्षातून दोनदा होते, पण परीक्षेपासून कोर्सपर्यंत वर्षभर जातं. त्यामुळे 23 व्या वर्षी मोकळं झालेल्याच्या हातात जेमतेम दोन-तीन प्रयत्न उरतात. आयएमएची, म्हणजे डेहराडूनच्या लष्करी अकादमीची, मर्यादा तर आणखी एक वर्ष अलीकडे.

आमचा कौल दोन तुकड्यांना. परीक्षा ते रुजू होणं ही वर्षभराची पोकळी हेच पीजीचं पहिलं वर्ष. समजा, सप्टेंबर 2024 ची सीडीएस दिली आणि जुलै 2024 च्या सत्रात इग्नूत (इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठात) एमएला नाव घातलं. पहिल्या वर्षाची परीक्षा जून 2025 मध्ये, ओटीए ऑक्टोबरपासून सप्टेंबर 2026 पर्यंत. इग्नूचा एमए दोन वर्षांचा, पण चार वर्षांत पुरा करता येतो. म्हणजे जून 2028 पर्यंत मुदत. कमिशननंतर, म्हणजे अधिकारी म्हणून नेमणूक झाल्यावर, डिसेंबर-जून अशा चार सत्रांत परीक्षा शिल्लक. लेखी परीक्षेनंतरच्या एसएसबीच्या (सैन्याच्या निवड मंडळाच्या) मुलाखतीत 'सध्या काय करता?' याला खरं उत्तरही तयार.

घोळ कुठे होतो? असाइनमेंटमध्ये. इग्नूत त्यांना साधारण 30 टक्के वजन असतं, त्या हाताने लिहाव्या लागतात. रुजू होण्याआधी पहिल्या वर्षाच्या सगळ्या देऊन पोच जपून ठेवा. दुसऱ्या वर्षाची फी घरचं कुणी भरणार असेल तर लॉगिन आणि नोंदवलेला मोबाइल नंबर त्यांच्याकडे हवा, ओटीपीपायी तारीख चुकते. युनिटमध्ये गेल्यावर परवानगी आणि रजा कमांडिंग ऑफिसरकडून आधी घ्या. पोस्टिंगनुसार परीक्षा केंद्र बदलता येतं. एमएसडब्ल्यूसारखं (समाजकार्याची पदव्युत्तर पदवी) फील्डवर्कचं शिक्षण टाळा. इतिहास, राज्यशास्त्र, लोकप्रशासन बरं.

शिवाजी विद्यापीठाच्या दूरशिक्षण केंद्रात जाणार असाल तर विद्यानगरला प्रत्यक्ष जाऊन कमाल मुदत किती, हे पहिलं विचारा. दुसऱ्या कुठल्या विद्यापीठाचं ऑनलाइन एमए घेताना ते यूजीसीच्या मान्यताप्राप्त यादीत आहे का, ते पाहा.

नोकरी किंवा धंदा सोडायचा नसेल तर टेरिटोरियल आर्मी, म्हणजे अर्धवेळ सेना, आहे: वय 18 ते 42, पदवी आणि स्वतःची कमाई हवी. टेंबलाईवाडीला मराठा लाइट इन्फंट्रीची 109 बटालियन आहेच. वर्षाला साधारण दोन महिने प्रशिक्षण. बाकी दहा महिन्यांत एमए आरामात बसतो, फक्त कॅम्प आणि परीक्षा एकाच महिन्यात येऊ देऊ नका.