जिप्सीसाठी स्टेनलेस हेडर : घरच्या घरी बसवून पाहिल्यानंतरचे परीक्षण

मारुती जिप्सीच्या १.३ लिटर, सोळा व्हॉल्व्हच्या पेट्रोल इंजिनासाठी बनवलेला ४-२-१ मांडणीचा स्टेनलेस स्टीलचा हेडर (इंजिनातून धूर बाहेर नेणाऱ्या, चारांच्या दोन आणि दोनांची एक होणाऱ्या नळ्यांचा संच) मी परराज्यातील एका विक्रेत्याकडून साडेचौदा हजार रुपयांना मागवला आणि कोल्हापूरजवळच्या उचगावातील घरासमोरील पत्र्याच्या शेडमध्ये स्वतः बसवला. गाडी २०१२ सालची, कापडी हुडाची आहे. मागचे कापड उतरवले की ती सरळ पिकअपच होते आणि उसाचे बेणे, कडब्याच्या पेंढ्या किंवा दुधाचे कॅन घेऊन ती आठवड्यातून दोनदा तरी शेताकडे जाते. सामान भरून चढ चढताना तिचा दम लवकर तुटतो, ही जिप्सी बाळगणाऱ्या प्रत्येकाची जुनी तक्रार आहे. या इंजिनाची ८० अश्वशक्ती मिनिटाला ६,००० फेऱ्यांना आणि सुमारे १०३ न्यूटन-मीटरचा टॉर्क (पिळाचा जोर) ४,५०० फेऱ्यांना मिळतो, म्हणजे ज्या कमी फेऱ्यांवर आपण रोज गाडी चालवतो तिथे हातात फारसे काही येत नाही. विक्रेत्याच्या पानावर 'दहा ते पंधरा टक्के जादा ताकद' असे लिहिले होते. माझी नोकरीची वीस वर्षे शिरोलीच्या एका फौंड्रीत तपासणी विभागात गेली असल्यामुळे त्या टक्क्यांवर मी विश्वास ठेवला नाही. पण ४-२-१ मांडणीमागचे तत्त्व खरे आहे, म्हणून पैसे गुंतवले.

तत्त्व असे की हेडर ज्याच्या जागी बसतो त्या मूळ बिडाच्या मॅनिफोल्डमध्ये चारही सिलिंडरांचा धूर आखूड वाटेने एकाच पोकळीत येऊन पडतो आणि एकाच्या धुराचा धक्का शेजारच्याच्या उघड्या व्हॉल्व्हवर आदळू शकतो. या इंजिनाचा पेटण्याचा क्रम १-३-४-२ आहे. एक व चार ही जोडी आणि दोन व तीन ही जोडी, या दोन्ही जोड्यांमधील सिलिंडर एकमेकांपासून क्रँकच्या पूर्ण एका फेरीच्या अंतराने पेटतात. म्हणून हेडरमध्ये आधी या जोड्या एकत्र आणून मग दोहोंची एक नळी करतात. त्यामुळे पुढे गेलेल्या धुराच्या मागे निर्माण होणारा कमी दाब पुढच्या सिलिंडरातील उरलासुरला धूर ओढून घेतो आणि ताज्या मिश्रणाला जागा होते. हा लाभ नळ्यांच्या लांबीवर आणि व्यासावर अवलंबून असल्यामुळे तो सर्व फेऱ्यांवर सारखा मिळत नाही. ४-२-१ मांडणीत तो मधल्या फेऱ्यांवर अधिक जाणवतो आणि सामान वाहणाऱ्या गाडीला तोच हवा असतो.

पेटी उघडल्यावर नळ्यांची वाकणे पाहून समाधान वाटले. नळ्या वाकवताना कुठेही चपट्या झालेल्या नव्हत्या आणि बाहेरचे आर्गॉन वेल्डिंग एकसारखे, बारीक खवल्यांचे होते. मात्र फ्लँज (इंजिनाला टेकणारी जाड पट्टी) सरफेस प्लेट या अचूक सपाट पाटावर ठेवून फीलर गेज, म्हणजे फट मोजण्याची पातळ पाती, घातली तेव्हा दोन टोकांशी ०.३५ मिलिमीटरची फट निघाली. वेल्डिंगच्या उष्णतेने फ्लँज धनुष्यासारखा वाकतो, हे या व्यवसायातील कोणालाही ठाऊक असते; म्हणूनच वेल्डिंगनंतर त्याचा तळ घासून सपाट करावा लागतो आणि नेमकी तीच पायरी येथे गाळली होती. याशिवाय फ्लँजच्या दोन भोकांमध्ये वेल्डिंगचा मणी आतल्या बाजूला उतरला होता आणि तिसऱ्या नळीचे तोंड इंजिनाच्या डोक्याच्या (सिलिंडर हेडच्या) पोर्टपेक्षा, म्हणजे धूर बाहेर पडण्याच्या भोकापेक्षा, किंचित लहान होते. हेडरचे तोंड पोर्टपेक्षा थोडे मोठे असले तर चालते, पण लहान असले तर बाहेर पडणाऱ्या धुराच्या वाटेत उंबरठा तयार होतो आणि ज्या कारणासाठी आपण पैसे मोजले तेच कारण नाहीसे होते.

फ्लँज घेऊन मी शिवाजी उद्यमनगरात सरफेस ग्राइंडिंगच्या एका छोट्या दुकानात गेलो. तेथील मिस्त्रींनी हेडर हातात फिरवून पाहिला आणि म्हणाले, "साहेब, ह्यो माल अजून निम्माच झालाय की. उरल्याला निम्मा आमच्याकडं करायला पाठिवलाय व्हय त्येनी?" संपूर्ण वस्तूचे याहून नेमके परीक्षण मला करता येणार नाही. सहाशे रुपयांत त्यांनी तळ सपाट करून दिला, त्यानंतर फट ०.०५ मिलिमीटरच्या आत आली. आतले मणी आणि तिसरे तोंड मी घरी डाय ग्राइंडरने घासले. त्यात एक संध्याकाळ गेली.

मूळ मॅनिफोल्ड उतरवणे हा या कामातील सर्वांत कठीण भाग आहे आणि विक्रेत्याच्या सूचनापत्रकात त्यासाठी केवळ 'जुने नट सोडवा' एवढेच वाक्य आहे. दहा-बारा वर्षे तापून-थंडावून बसलेले नट हे नट राहिलेले नसतात, ते स्टडशी (डोक्यात बसवलेल्या आट्यांच्या दांड्याशी) एकजीव झालेले असतात. मी तीन संध्याकाळी त्यांवर गंज सोडवणारे तेल मारून ठेवले, बॅटरीची ऋण तार काढली, गाडी लोखंडी घोड्यांवर (टेकूंवर) घेतली आणि इंजिन पूर्ण थंड असताना सहा बाजूंच्या गोटीनेच (सॉकेट पान्यानेच) काम सुरू केले, कारण बारा बाजूंची गोटी झिजलेल्या नटाचे कोपरे गोल करते. नट हटत नसेल तर जोर वाढवण्याऐवजी किंचित आवळून मग सोडवावा आणि असे मागे-पुढे करत राहावे. एवढे करूनही शेवटचा स्टड डोक्याच्या पृष्ठभागाशी सपाट तुटला. डोके ॲल्युमिनियमचे असल्याने तेथे ड्रिल तिरके गेले तर आटे कायमचे जातात, म्हणून मी धाडस केले नाही. आर्गॉन वेल्डिंग करणाऱ्या एका कारागिराला घरी बोलावले. त्यांनी तुटलेल्या टोकावर नट वेल्ड करून, तो निवू देऊन, तेल सोडून हळूहळू फिरवत स्टड बाहेर काढला. पाचशे रुपये गेले, पण डोके वाचले. हे काम घरी करणाऱ्याने अशा माणसाची वेळ आधीच ठरवून ठेवावी, असा माझा सल्ला आहे.

पेटीत आलेले गॅस्केट (सांध्यात घालायची चकती) कागदी जातीचे, दाबल्यावर चुरा होणारे होते. ते बाजूला ठेवून मी कंपनीचे अस्सल गॅस्केट आणले. नवे स्टड घातले, आट्यांना तांब्याचे अँटी-सीझ (आटे जाम होऊ न देणारे वंगण) लावले आणि नट मधल्यापासून कडेकडे, तीन टप्प्यांत, टॉर्क रेंचने (ठरलेल्या जोराने आवळणाऱ्या पान्याने) आवळले. आठ मिलिमीटरच्या स्टडला साधारण २० ते २५ न्यूटन-मीटर पुरतात; लांब पान्याने 'घट्ट बसला' असे वाटेपर्यंत आवळल्यास ॲल्युमिनियममधील आटे ओढले जातात. स्टेनलेस स्टील तापल्यावर बिडाच्या सुमारे दीडपट प्रसरण पावते, त्यामुळे पहिल्या काही तापण्या-निवण्यांत नट सैल पडणे स्वाभाविक आहे. माझ्याकडे अशा तीन तापण्या-निवण्यांनंतर, गाडी थंड असताना, दोन नट पाऊण आट्याने पुढे सरकले.

खालच्या बाजूला हेडरचे शेवटचे टोक मूळ नळीशी जुळले नाही, ते सुमारे तीस मिलिमीटर पुढे येत होते. 'कोणतेही कापकाम न करता बसतो' हा विक्रेत्याचा दावा येथे खोटा ठरला. मधल्या नळीचा तेवढा तुकडा कापून फ्लँज पुन्हा जोडून घेण्यास अठराशे रुपये लागले. धुरातील ऑक्सिजन मोजणाऱ्या सेन्सरची बैठक मात्र योग्य ठिकाणी, चारही नळ्या एकत्र आल्यानंतर आणि धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या आधी दिली आहे, ही जमेची बाजू होय. सेन्सरच्या आट्यांना अँटी-सीझ लावताना ते टोकाला लागू देऊ नये आणि त्याची तार नळीपासून दूर बांधावी. सेन्सरच्या आधी बारीकशी गळती राहिली तरी दोन स्फोटांच्या मधल्या क्षणात बाहेरची हवा आत ओढली जाते, सेन्सरला मिश्रण हलके (पेट्रोल कमी) असल्याचा भास होतो आणि इंजिनाचा संगणक विनाकारण पेट्रोल वाढवतो. म्हणून इंजिन थंड असताना सुरू करून लगेच प्रत्येक सांध्यावर साबणाचे पाणी मारून पाहिले. एका टोकाला बुडबुडे आले. ते नट पुन्हा आवळल्यावर थांबले.

पहिल्यांदा इंजिन सुरू केल्यावर नळ्यांवरचे तेल जळून दहा-पंधरा मिनिटे धूर निघाला. माझ्या भाच्याने पाण्याची बादली आणून ठेवली होती. मी त्याला ती दूर नेण्यास सांगितले, कारण लालबुंद धातूवर पाणी टाकणे हा त्याच्या यादीतील पहिला उपाय दिसत होता. धूर ओसरल्यावर नळ्यांना आधी सोनेरी आणि नंतर जांभळट-निळी छटा आली, ती अजून टिकून आहे.

लाभ नेमका किती झाला हे सांगताना मी जपून बोलतो, कारण माझ्याकडे डायनो (ताकद मोजण्याचे यंत्र) नाही. पहाटे रिकाम्या, सरळ रस्त्यावर तिसऱ्या गिअरमध्ये ताशी ४० ते ८० किलोमीटर वेग घेण्यास लागणारा वेळ मी हेडर बसवण्याआधी आणि नंतर, त्याच टाकीभर पेट्रोलवर आणि त्याच दोन माणसांसह, प्रत्येकी चार वेळा मोजला. सरासरीत सुमारे अर्ध्या सेकंदाची सुधारणा दिसली. पन्हाळ्याच्या चढावर जिथे पूर्वी दुसरा गिअर घ्यावाच लागे, तेथील एका वळणानंतर गाडी आता तिसऱ्यात तग धरते. गगनबावड्याकडे सामान भरून जातानाही मधल्या फेऱ्यांवरचा हा थोडासा मोकळेपणा जाणवतो. अडीच हजार फेऱ्यांच्या खाली मात्र काहीही बदललेले नाही आणि पेट्रोलचा हिशेब जसा होता तसाच आहे. एकूण साडेसतरा हजारांच्या आसपास खर्च करून अर्धा सेकंद मिळाला, असे माझी पत्नी म्हणते आणि तिचे गणित चुकीचे नाही.

तोट्यांमध्ये उष्णता सर्वांत वर येते. बिडाची जाड भिंत उष्णता स्वतःत साठवून सावकाश सोडते, तर पातळ नळी ती थेट बॉनेटखाली ओतते. इंजिन ज्यावर टेकते त्या माउंटिंगच्या रबराजवळून जाणारी एक नळी मला धोकादायक वाटली, म्हणून मूळ हीट शील्डचा (उष्णता अडवणाऱ्या पत्र्याचा) तुकडा कापून मधे पत्र्याची आडभिंत बसवली. नळ्यांभोवती गुंडाळायची फायबरची पट्टी मी मुद्दाम टाळली. ती ओलावा धरून ठेवते आणि आपल्याकडच्या चार महिन्यांच्या पावसात वेल्डिंगचे सांधे आतून सडण्याची भीती राहते. आवाजातही फरक आहे. मूळ सायलेन्सर कायम ठेवल्यामुळे गाडी मोठ्याने ओरडत नाही, परंतु बिडाने दाबून ठेवलेली धातूची बारीक किणकिण आता थंड इंजिनावर ऐकू येते.

कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आणि सायलेन्सर यांना मी हात लावलेला नाही, ही गोष्ट स्वतंत्रपणे नोंदवतो. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार गाडीतील बदलांवर मर्यादा आहेत आणि २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ प्रमाणे नियमबाह्य बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. कन्व्हर्टर काढून टाकण्याचा सल्ला दोन दुकानांत मिळाला होता. तो ऐकला असता तर पीयूसीच्या यंत्रापुढे उभे राहण्याची सोयच राहिली नसती. हेडर बसवल्यानंतरच्या चाचणीत आकडे मर्यादेत आले.

विक्रेत्याला वाकलेल्या फ्लँजची छायाचित्रे आणि फीलर गेजचे माप पाठवले होते. त्यांनी विनम्रपणे उत्तर दिले की गॅस्केट जाड वापरावे, म्हणजे फट भरून निघेल, आणि सोबत आणखी एक तसलेच कागदी गॅस्केट विनामूल्य पाठवले. ज्याच्या ओळखीत सरफेस ग्राइंडर आणि आर्गॉनचा कारागीर आहे, ज्याला दोन रविवार आणि चार-पाच संध्याकाळी मोकळ्या आहेत, त्याने हा हेडर अवश्य घ्यावा. इतरांना मी तो घेण्यास सांगणार नाही. माझा जुना मॅनिफोल्ड तेल लावून, गोणपाटात गुंडाळून, मूळ नटांच्या पिशवीसह शेडच्या फळीवर ठेवला आहे. २०२७ मध्ये गाडीला पंधरा वर्षे पूर्ण होतील आणि नोंदणीच्या नूतनीकरणासाठी ती आरटीओपुढे न्यावी लागेल, तेव्हा तो पुन्हा चढवण्याची वेळ येईल असे गृहीत धरूनच नवे स्टड मी मूळ लांबीचे घेतले आहेत.