पर्शियन मांजर इंदूरच्या घरात: उन्हाळा-पावसाळा दोन्ही काढल्यानंतरचा अनुभव

मांजर गोड आहे का, तर प्रश्नच नाही. पण "पर्शियन घ्यायचीय, घेऊ का?" असं कोणी विचारलं की मी आधी उलटं विचारते, घरात रोज वीस मिनिटं हातात कंगवा घेऊन बसणारं कोण आहे? "सगळे मिळून करू" वालं नको, एक माणूस, नावानिशी. आमच्याकडे सासरे आहेत, रिटायर्ड, सकाळचे पोहे झाले की बातम्या लावून बसतात आणि आमची मांजर शिकंजी मांडीवर, म्हणून निभतंय. (नाव रंगावरून पडलं, इंदूरच्या दुधाच्या शिकंजीसारखा क्रीम कलर आहे, हाक मारताना नुसतं शिकू.)

केसांचं नीट सांगते कारण बाकी सगळं त्यापुढे किरकोळ आहे. दुकानात मऊ ब्रश गळ्यात मारतात, त्याने वरचे केस छान दिसतात पण आतला लोकरीसारखा थर तसाच गुंतत राहतो. लागतो तो स्टीलचा कंगवा, अर्धे दात विरळ अर्धे बारीक, आणि केस बाजूला करून मुळापर्यंत न्यावा लागतो. गाठी नेहमी कानामागे, बगलेत, पोटाला आणि मागच्या मांड्यांना. गणपतीत सासरे देवासला आठवडाभर गेले तर आम्ही एक दिवसाआड विंचरत होतो, तरी बगलेत सुपारीएवढी गाठ झालीच. मग थोडं कॉर्नफ्लोअर चोळायचं, बोटांनी हळूहळू सोडवायचं, टोकाकडून मुळाकडे जायचं. कात्री अजिबात नाही, गाठीबरोबर कातडी वर ओढली गेलेली असते आणि ती कागदाहून जाड नाही, नाहीच सुटली तर डॉक्टरांकडे ट्रिमर. आणि गाठी असताना आंघोळ घालायची नाही, पाणी लागलं की त्या आणखी घट्ट बसतात.

उन्हाळा. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर जातो आणि चपट्या नाकामुळे हिला धापा टाकूनही अंग नीट थंड करता येत नाही. कोरड्या हवेत कूलर पुरतो, पण जूनमध्ये पाऊस दोन दिवस येऊन गायब होतो ना, त्या घामट हवेत कूलर नुसता दमट वारा फेकतो, तेव्हा एसीच. आम्ही सुदामा नगरला वरच्या मजल्यावर राहतो, छत तापतं, त्यामुळे दुपारचं बिल मी आधीच धरून चालले होते. मांजर तोंड उघडून धापा टाकायला लागली तर वाट बघायची नाही, ओलं फडकं फिरवत सरळ डॉक्टर. आणि "उन्हाळ्यात टक्कल करून टाका" हा सल्ला सगळे देतात, पण उगाच पूर्ण भादरायचं नाही, उघड्या कातडीला ऊन लागतं, गाठी सोडवलेल्या असल्या की पुरे.

पावसाळ्यात फंगसचं बघा. गोल टक्कल पडलेला डाग दिसला तर दादच (गजकर्ण) असेल असं धरून चाला, पर्शियनमध्ये हे बरंच होतं आणि माणसालाही लागतं, लहान मुलांना तर पटकन. उपचार आठवड्यांचे असतात, दोन-चार दिवसांचे नाही. डोळ्यातून पाणी रोजच येतं, कोमट पाण्याचा कापूस फिरवला नाही की नाकाशेजारी तपकिरी रेघ वाळून बसते.

आता घरातलं राजकारण. सासूबाईंचं सोवळं, आणि केस म्हणजे सोवळ्याला, नैवेद्याच्या वाटीला, सगळीकडे. देवघराला जाळीचं दार लावलं तेव्हा शांतता झाली. घर शाकाहारी आहे पण मांजराला दूध-पोळीवर ठेवता येत नाही, टॉरिन नावाचं पोषकद्रव्य लागतं, ते मुख्यतः मांस-माशांतून मिळतं, नाही मिळालं तर डोळे आणि हृदय जातं. तोडगा असा निघाला की पाकीट बाल्कनीत फुटतं आणि आईंनी त्यावर काय लिहिलंय ते वाचायचं नाही. खाणं, लिटर (शी-शूची वाळू) मिळून महिन्याला साडेतीन-चार हजार होतात. लिटरची पिशवी वेगळी बांधा, ओल्या कचऱ्यात घातली तर इंदूरात गाडीवाले भैया तिथेच थांबवून सुनावतात!

घेताना सगळे "पंच फेस की डॉल फेस", म्हणजे चेहरा एकदम चपटा की थोडं नाक असलेला, एवढंच विचारतात. चेहरा जितका चपटा तितका श्वासाचा आणि डोळ्यांचा त्रास जास्त, केसांची मेहनत मात्र दोन्हीकडे तेवढीच. त्यापेक्षा आई-बापाची पीकेडीची टेस्ट झालीय का ते विचारा. पीकेडी म्हणजे किडनीत पाण्याच्या गाठी होतात, आणि एका पालकात ते जीन असलं तरी पिल्लात यायची शक्यता निम्मी. विकणारा टाळाटाळ करायला लागला तर टोकन देऊ नका. आणि हे पंधरा वर्षांपर्यंतचं काम आहे, मुलगा आज चौथीत असेल तर नोकरीला लागेपर्यंत.

समोरच्या काकू शिकूला बघूनच पर्शियनच्या मागे लागल्या होत्या. दोघं सकाळी नऊला बाहेर, मुलगी पुण्याला, दुपारभर घर बंद. मी सरळ सांगितलं, तुम्हाला देशी बरं, आणि गल्लीतली पिल्लं दाखवली. एक न्यायला आल्या होत्या, दोन घेऊन गेल्या.