आपणच पेरलेली टोळी : ‘ओरिजिनल गँगस्टाज’ (१९९६)

शिकागोहून इंडियाना टोल रोडने पूर्वेला निघालं की थोड्याच वेळात डाव्या हाताला पोलाद कारखाना दिसायला लागतो. ते गॅरी, इंडियाना राज्यातलं गाव. कित्येक वर्षं मी गाडीच्या काचा वर करून तिथून पुढे गेले आहे. दिग्दर्शक लॅरी कोहेनचा ‘ओरिजिनल गँगस्टाज’ हा सिनेमा पाहिला आणि पुढच्या खेपेला पहिल्यांदा त्या फाट्यावरून आत वळले.

यूएस स्टील या पोलाद कंपनीने १९०६ मध्ये वसवलेलं हे गाव. १९६० साली इथे पावणेदोन लाखांहून जास्त माणसं होती, १९९० पर्यंत ती एक लाख सतरा हजारांच्या आत आली. मधल्या काळात कारखान्यातली कामं गेली आणि ज्यांना जमलं ते बाहेर पडले. कोहेनने सिनेमा तिथेच, त्याच रस्त्यांवर चित्रित केला. फळ्या ठोकलेली दुकानं, गवत माजलेले प्लॉट, रिकामे पदपथ. तुटपुंज्या पैशात असा सेट कुणी उभारूच शकलं नसतं.

गोष्ट बास्केटबॉलच्या मैदानावर सुरू होते. केनी नावाचा पोरगा खेळावर पैसे लावून ‘रिबेल्स’ टोळीच्या पोरांना हरवतो. आपल्याला फसवलं असं त्यांना वाटतं आणि ते गाडीतून येऊन त्याला गोळ्या घालतात. समोरचा किराणा दुकानदार मार्व्हिन बुकमन गाडीचा नंबर पोलिसांना सांगतो, मग त्यालाही गोळी लागते. लॉस एंजेलिसमध्ये अमेरिकन फुटबॉल शिकवणारा त्याचा मुलगा जॉन गावी धावत येतो. केनीचा बाप जेक तर मुलगा गेल्यावरच परततो. पोराला आणि त्याच्या आईला त्याने कधीच वाऱ्यावर सोडलेलं असतं.

इथपर्यंत हा सरळ सूडपट वाटेल. पण ‘रिबेल्स’ ही टोळी तरुणपणी जॉन आणि जेकनेच काढलेली असते. मला या सिनेमाने धरून ठेवलं ते यामुळे. ज्या पोरांशी ते लढतात, त्यांच्या हातात हे नाव यांनीच दिलं. दोघं या अपराधापासून पळत नाहीत, आणि गावातली माणसंही त्यांना ते विसरू देत नाहीत.

जॉन झालाय फ्रेड विल्यमसन. तो मूळचा गॅरीचाच, निर्माताही तोच. बापाच्या दुकानात तो उभा राहतो तेव्हा मला अभिनय दिसत नाही, घरी आलेला माणूस दिसतो. जेक म्हणजे जिम ब्राउन. साठीला आलेला, एकेकाळी क्लीव्हलंड ब्राउन्स या अमेरिकन फुटबॉल संघाकडून मैदान गाजवलेला खेळाडू. तो कमी बोलतो, आणि ते बरंच आहे, कारण त्याचे खांदेच पुष्कळ बोलतात.

पण सिनेमा पॅम ग्रीअरचा. लॉरी, केनीची आई. जेक समोर येतो तेव्हा ती त्याच्या गळ्यात पडत नाही. इतकी वर्षं कुठे होतास, हा प्रश्न तिच्या चेहऱ्यावर आधी येतो, तोंडात नंतर. सत्तरच्या दशकात ग्रीअरच्या हातात बंदूक देऊन पोस्टर छापली गेली. इथेही बंदूक आहे, पण आता ती एका आईच्या हातात आहे. तिला अजून दोन तरी प्रसंग मिळायला हवे होते. रिचर्ड राउंडट्री आणि रॉन ओनील यांना तर त्याहून कमी वाव आहे. सत्तरच्या दशकातल्या कृष्णवर्णीय नायक-नायिकांच्या मारधाडपटांचे असे पाच तारे एकत्र आणायचे आणि दोघांना कोपऱ्यात उभं करायचं, याचं मला खरंच वाईट वाटलं.

कोहेनने १९७३ मध्ये विल्यमसनला घेऊनच ‘ब्लॅक सीझर’ केला होता, न्यूयॉर्कच्या रस्त्यावर परवानगीची वाट न पाहता. तो जुना हात इथेही दिसतो. मारामाऱ्या वेगवान, कॅमेरा सजावटीच्या भानगडीत न पडणारा. संवाद काही ठिकाणी भाषणासारखे होतात, खलनायक पोरं नुसतीच क्रूर राहतात. त्यांच्यापैकी एखाद्याचं घर दाखवलं असतं, तर शेवटची मारामारी अजून जड गेली असती.

हिंसा बरीच आहे, मुलांसोबत पाहू नका. पाहताना सुरुवातीचं गॅरीचं दर्शन पुढे ढकलू नका, आणि मार्व्हिनच्या दुकानाची काच नीट बघा. त्याला तिच्यातून रोज मैदान दिसत होतं. त्या मैदानावर काय झालं ते पाहिलेल्यांपैकी नंबर सांगायला तो एकटाच पुढे आला.