सहांपैकी चार अक्रोडाच्या

जुन्या फर्निचरचा व्यापार करणाऱ्या नागपुरातील एका दुकानातून गेल्या फेब्रुवारीत आम्ही जेवणाच्या टेबलासाठी सहा कोरीव खुर्च्या ९६,००० रुपयांना घेतल्या. लाकूड अक्रोडाचे, काम एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील फ्रेंच आणि संच अखंड, असे दुकानदारांनी सांगितले होते. शैलीविषयी माझी तक्रार नाही. फ्रान्सचा राजा दुसरा आंरी (१५४७ ते १५५९) याच्या काळातील सजावट सुमारे तीनशे वर्षांनी पुन्हा लोकप्रिय झाली. त्या पुनरुज्जीवित शैलीतील उंच पाठ, कातीव पाय आणि माथ्यावरचे दाट कोरीवकाम येथे आहे. माथ्यावरच्या मुखवट्याचा डावा गाल उजव्यापेक्षा किंचित भरलेला आहे आणि दाढीच्या बटांमध्ये पटाशीच्या खुणा बोटाला लागतात, त्यामुळे हे हाताचे काम आहे याची खात्री पटते.

खरी परीक्षा मे महिन्यात झाली. पारा पंचेचाळिशीला टेकला आणि कोरड्या हवेने लाकूड आक्रसून चार खुर्च्यांचे सांधे करकरू लागले, मात्र उरलेल्या दोन ढिम्म हलल्या नाहीत. सुताराने त्यांतील एक उलटी करून बैठकीखालचा भाग पटाशीने जरासा खरवडला, वास घेतला आणि म्हणाला, "साहेब, हे तर आपलं सागवान आहे." आलापल्ली-बल्लारपूरच्या सागावर हात बसलेल्या माणसाशी वाद घालण्यात अर्थ नव्हता. त्या दोन खुर्च्यांना अक्रोडाचा रंग चढवलेला होता आणि आतले स्क्रू अधिकच्या चिन्हासारख्या (+) खाचेचे, म्हणजे १९३० नंतर प्रचारात आलेले होते. एरवी असा स्क्रू नंतरच्या दुरुस्तीचाही असू शकतो. येथे मात्र प्रत्येक सांध्यात तोच होता.

दुकानदारांनी वाद न घालता १५,००० रुपये परत केले, पण बिलावर 'अक्रोड, सहा नग' हेच शब्द कायम ठेवले, हे मला खटकले. अशी खरेदी करणाऱ्याने प्रत्येक खुर्ची उलटी करून पाहावी आणि लाकडाचे नाव नगवार लिहून घ्यावे. सैल सांध्यांत पूर्वी कोणी खिळे ठोकले असतील तर ती खुर्ची सोडून द्यावी, कारण खिळ्याने कुसू, म्हणजे सांध्याच्या खाचेत बसणारे लाकडाचे टोक, फाटते. आमच्या चारही खुर्च्यांत सुदैवाने जुना सरसच होता, म्हणून सांधे सोडवून पुन्हा जोडता आले.

कोरीवकामासाठी हा पैसा मला जड वाटत नाही. वजनदार पाहुणे आले की आम्ही त्यांना सागवानी खुर्ची देतो.