माजी सैनिकाच्या पश्चात मिळणारे कुटुंबनिवृत्तिवेतन: इंदूरमधून या सेवेचे परीक्षण

माजी सैनिकाच्या निधनानंतर त्याच्या पत्नीला शासनाकडून जे मिळते ते कमी नाही, आणि एकदा सुरू झाले की ते नियमित मिळते. मात्र ते किती लवकर सुरू होईल हे सैनिक हयात असताना त्याच्या दप्तरी झालेल्या नोंदींवर अवलंबून असते. महूची छावणी जवळ असल्यामुळे इंदुरात सैनिक कुटुंबांची वस्ती जुनी आहे. मामांच्या निधनानंतर मामींची ही सर्व कामे मी पाहिली, म्हणून या सेवेविषयी जरा सविस्तर लिहीत आहे.

प्रथम रकमेविषयी. साधारण कुटुंबनिवृत्तिवेतन शेवटच्या वेतनाच्या ३० टक्के असते, ते दरमहा ९,००० रुपयांपेक्षा कमी नसते आणि त्यावर महागाई मदत वेगळी मिळते. निवृत्तीनंतर मृत्यू झाल्यास सात वर्षे, किंवा मृत व्यक्तीने वयाची ६७ वर्षे ज्या दिवशी पूर्ण केली असती त्या दिवसापर्यंत, यांपैकी जे आधी येईल तोवर ५० टक्क्यांचा वाढीव दर लागू होतो. मात्र ही रक्कम सैनिकाला मिळत असलेल्या निवृत्तिवेतनापेक्षा जास्त असू शकत नाही. म्हणजे साठाव्या वर्षी गेलेल्या हवालदाराच्या पत्नीला पूर्ण सात वर्षे वाढीव दर मिळतो आणि चौसष्टाव्या वर्षी गेलेल्याच्या पत्नीला तीनच. वाढीव दर संपतो त्या महिन्यात रक्कम एकदम उतरते आणि पुष्कळ घरांत ती बँकेची चूक समजली जाते. मंजुरीच्या आदेशात ही तारीख छापलेली असते; ती पहिल्याच दिवशी पाहून ठेवावी. सैनिकी सेवेमुळे मृत्यू ओढवला असेल तर ६० टक्के आणि युद्धात किंवा शत्रूविरुद्धच्या कारवाईत वीरमरण आले असेल तर शेवटच्या वेतनाइतके, असे वेगळे दर आहेत.

आता अडचणीकडे वळतो. आपल्याकडे जुन्या पिढीत लग्नात मुलीचे नाव बदलण्याची पद्धत होती. मामींचे सैन्याच्या दप्तरातील नाव माहेरचे, आधारवरील नाव सासरचे, आणि समग्र आयडीत (मध्य प्रदेश शासनाच्या कुटुंबनोंदणीत) सासरच्याच नावापुढे ‘बाई’ जोडलेले. अशी तीन नावे एकाच बाईंची आहेत हे घरातल्या सर्वांना ठाऊक असते, परंतु संगणकाला त्या तीन वेगळ्या व्यक्ती वाटतात. एका कार्यालयाने प्रतिज्ञापत्र मागितले, पण त्यात नेमके काय लिहिलेले हवे ते सांगितले नाही. ते नोटरीकडून करून नेल्यावर पुढच्या टेबलावर मजकूर अपुरा असल्याचे कळले. मामी म्हणाल्या, “अरे, चाळीस वर्षे संसार केला, आता मीच मी आहे हे सिद्ध करायचे का?” यावर माझ्याकडे उत्तर नव्हते. दोष पूर्णपणे त्या कारकुनाचाही म्हणता येणार नाही, कारण पत्नीचे नाव आणि जन्मतारीख मामांनी स्वतः सैन्याच्या अभिलेख कार्यालयाकडून (जिथे सैनिकांच्या सेवेच्या नोंदी असतात) दुरुस्त करून घेतली असती, तर हा प्रश्न उद्भवलाच नसता. जन्मतारखेकडे तर विशेष लक्ष द्यावे: वयाच्या ८० व्या वर्षापासून कुटुंबनिवृत्तिवेतनात २० टक्के आणि पुढे टप्प्याटप्प्याने अधिक वाढ होते, ती याच नोंदीवरून.

नोंदी जुळल्यानंतरचा प्रवास मात्र सुखद म्हणावा असाच होता. संरक्षण दलांच्या निवृत्तिवेतनासाठी प्रयागराजहून चालणाऱ्या ‘स्पर्श’ या ऑनलाइन प्रणालीत निधनाची सूचना देणे, मृत्यूचा दाखला जोडणे आणि कुटुंबनिवृत्तिवेतनाचा दावा करणे ही कामे घरबसल्या किंवा कियोस्कवर होतात. सूचना लवकर द्यावी, कारण निधनानंतर जमा झालेले सैनिकाचे निवृत्तिवेतन पुढे वसूल केले जाते. वार्षिक हयातीचा दाखला मोबाइलवर चेहरा दाखवून देता येतो. बोटांचे ठसे झिजलेल्या वृद्ध स्त्रियांसाठी ही सोय मला या संपूर्ण व्यवस्थेतील सर्वांत विचारपूर्वक केलेली वाटली.

२००३ साली सुरू झालेल्या ईसीएचएस या माजी सैनिकांसाठीच्या वैद्यकीय योजनेत पत्नीचा हक्क पतीच्या निधनानंतरही कायम राहतो, त्यासाठी नव्याने वर्गणी भरावी लागत नाही. कार्डावरील नोंद तेवढी बदलून घ्यावी लागते.

केंद्रीय सैनिक मंडळाच्या अनुदानांबद्दल माझे मत संमिश्र आहे. १ नोव्हेंबर २०२५ पासून त्यांतील तीन दुप्पट झाली: निवृत्तिवेतन नसलेल्या, पासष्टीपुढील गरजू माजी सैनिकांना व त्यांच्या विधवांना दरमहा ८,००० रुपये, पहिलीपासून पदवीपर्यंतच्या दोन मुलांसाठी प्रत्येकी दरमहा २,०००, आणि मुलीच्या विवाहासाठी एक लाख. मात्र ही अनुदाने हवालदार व त्याखालील हुद्द्यांपुरतीच आहेत. हवालदाराहून वरच्या हुद्द्यावरील सुभेदाराच्या विधवेला मुले शिकवायची असतील तर तिला शिक्षण अनुदान नाही. व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी पंतप्रधान शिष्यवृत्ती आहे, ती मुलींना दरमहा ३,००० आणि मुलांना २,५०० रुपये मिळते, पण तिच्यासाठी गुणांची अट आणि निवड आहे. शिवाय यांतील काहीही आपोआप मिळत नाही. कुटुंबनिवृत्तिवेतन मंजूर करणाऱ्या यंत्रणेला घरात शाळेत जाणारी मुले आहेत हे नोंदीवरून दिसू शकते, तरीही अर्जाची सुरुवात प्रत्येक वेळी विधवेनेच जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत करायची, हे मला पटत नाही. तेथे जाताना सेवामुक्ती पुस्तिका, निवृत्तिवेतनाचा आदेश, मृत्यूचा दाखला आणि नावासंबंधीचे प्रतिज्ञापत्र यांच्या मूळ प्रती व छायाप्रती दोन्ही बरोबर ठेवाव्यात.