गोव्यातली फेणी चाखायची बैठक: काय मागावं, काय नाकारावं

फेणी चाखायला गोव्यात जायचं तर मार्च ते मे. बैठकी एरवीही भरतात, पण तेव्हा टेबलावर नीरो (काजूच्या बोंडूंचा ताजा रस) नसतो आणि ताजा हुर्राक (पहिल्या वाफेची सौम्य दारू) हीही नसते. हे दोन्ही चाखल्याशिवाय एकदम फेणी तोंडात घेतली की तिखट दारूपलीकडे काही हाती लागत नाही. हंगामात, तेही सकाळची वेळ घेतलीत, तर पैसे नक्की वसूल होतात.

सकाळच का, तर नीरोसाठी. झाडावरून आपसूक गळून पडलेले काजूचे बोंडू (बीवरचं रसाळ फळ) गोळा करतात, बी वेगळी काढतात आणि बोंडू पायांनी तुडवतात किंवा दाबयंत्रात घालतात. उरलेल्या चोथ्याचा ढीग करून वर वजन ठेवलं की रात्रभर जो रस ठिबकतो, तो नीरो. घशाला ओढणारा तुरटपणा त्यात कमी असतो. ऊन चढलं की तो आंबायला लागतो, म्हणून दुपारी चारला पुढ्यात आलेला ‘ताजा नीरो’ नीट वास घेऊनच प्या.

तुडवलेला रस साधारण तीन दिवस आपोआप आंबू देतात, वरून यीस्ट घालत नाहीत. मग तांब्याच्या भाणात, म्हणजे दारू गाळायच्या भांड्यात, पहिल्या वाफेला हुर्राक निघतो, सुमारे १५ टक्क्यांचा. हुर्राकात पुन्हा आंबलेला रस मिसळून दुसरी वाफ काढली की फेणी, ४२ ते ४५ टक्क्यांची. चाखण्याचा क्रमही हाच हवा: नीरो, हुर्राक, मग माडाची (नारळाच्या ताडीची) फेणी, मग काजूची, आणि सगळ्यात शेवटी दुकशिरी, म्हणजे मुळी मुरवलेली फेणी. त्या मुळीचा वास जिभेवर बराच वेळ राहतो. ती आधी आली तर मागून आलेली प्रत्येक फेणी दुकशिरीसारखीच लागते. क्रम उलटा लावलेला दिसला तर सरळ सांगा, ग्लास बाजूला ठेवता येतो.

ग्लासात १५ मिलिलिटरपेक्षा जास्त नको. पाच ग्लास झाले की ७५ मिलिलिटर, म्हणजे अडीच छोटे पेग. तेवढ्यात वास घ्यायची ताकद संपते. काही ठिकाणी ३० मिलिलिटर ओतून ‘भरपूर दिलं’ म्हणतात. ते पाहुण्याच्या फायद्याचं नाही.

सर्वांत मोठी गफलत तापमानात होते. एप्रिलच्या उकाड्यात उघड्यावर ठेवलेली बाटली ३२-३३ अंशांवर जाते, मग ग्लास नाकाशी नेला की अल्कोहोल झोंबतं आणि फळाचा वास मागे पडतो. बर्फ घातला तर वासच मिटतो. बाटली गार पाण्यात ठेवून २०-२२ अंशांवर आणली की काम होतं. ग्लास नाकापासून चार बोटं लांब धरा, तोंड किंचित उघडं ठेवून श्वास घ्या. पहिला घोट अगदी छोटा. मग दोन-तीन थेंब साधं पाणी घालून परत वास घ्या. काजूच्या चांगल्या फेणीत इथेच पिकलेल्या बोंडाचा आणि थोडा अननसासारखा वास वर येतो. लिमका, मीठ आणि चिरलेली हिरवी मिरची घातलेला हुर्राक गोव्याचं उन्हाळ्यातलं आवडतं पेय आहे आणि तो जरूर प्यावा, पण बैठक संपल्यावर. साखरेखाली दोष झाकले जातात.

दोष ओळखता यायलाच हवेत. नेलपॉलिशसारखा वास आला तर रस जास्त आंबला होता किंवा वाफेचा पहिला भाग वेगळा काढला नाही. करपट चव म्हणजे भाणाखाली जाळ जास्त झाला आणि तळाचा गाळ जळला. शेवटी ओल्या पुठ्ठ्यासारखं काही राहिलं तर वाफेची शेपटी, म्हणजे शेवटचा भाग, फार वेळ घेतली. भेसळीसाठी जुनी पद्धत चांगली: दोन थेंब तळहातावर चोळा, मिनिटभर थांबा. अल्कोहोल उडून गेल्यावर खरी काजू फेणी हाताला फळाचा वास ठेवते. साध्या स्पिरिटमध्ये इसेन्स घातला असेल तर वास उडून जातो किंवा अत्तरासारखा गोडसर उरतो.

खाण्याच्या ताटलीवर बहुतेक ठिकाणी फार विचार दिसत नाही. पेरी-पेरी चिप्स आणि बालशांव (व्हिनेगरमधलं तिखट लोणचं) ठेवलेलं दिसतं. व्हिनेगर आणि तिखट दोन्ही जहाल असलं की फेणी कडू लागते. सुक्या सुंगटांची (कोळंबीची) खोबरं घातलेली किसमूर मात्र अप्रतिम जुळते. ताज्या खोबऱ्यातलं तेल अल्कोहोलची धार बोथट करतं आणि सुंगटांचा खारटपणा काजू फेणीचा गोडवा पुढे आणतो. पण खोबरं त्याच सकाळी खवलेलं हवं आणि सुंगटं ऐन वेळी मिसळायला हवीत, नाहीतर ती मऊ पडून किसमुरीचा लगदा होतो. पोईत (गोव्याच्या पावात) भरलेला चोरीस, म्हणजे डुकराच्या मांसाचं सॉसेज, चरबीमुळे चालतो. हुर्राकाबरोबर मीठ लावलेली कैरी किंवा पेरू पुरे. माडाच्या फेणीला दोदोल किंवा बेबिंक ही नारळाच्या दुधाची गोड पक्वान्नं द्या, नारळाला नारळ मिळतो. दोन ग्लासांमध्ये कोरी पोई आणि पाणी, सोडा नको.

दक्षिण गोव्यात कासावलीला काझुलो या फेणीच्या ब्रँडच्या जागेत पाय पाण्यात सोडून टेबलाशी बसता येतं, शिवाय जुन्या काचेच्या गरफांवांचं (मोठ्या पोटाच्या बाटल्यांचं) कोठारही आहे. फेणी लाकडात न मुरवता काचेत का ठेवतात, हे तिथे डोळ्यांनी दिसतं. लाकडाची चव चढली की बोंडूचा वास झाकला जातो. भट्टी बघायची असेल तर सत्तरी किंवा काणकोणकडे जावं. वाफ गार करणाऱ्या टाकीतलं पाणी हाताने तपासा. ते कोमट झालं असेल आणि कोणी बदलत नसेल, तर त्या दिवशीची फेणी उग्र निघणार.

विकत घेताना लेबलवर ‘काजू फेणी’ असं स्पष्ट लिहिलेलं बघा. २००९ मध्ये मिळालेलं भौगोलिक मानांकन काजू फेणीचं आहे, माडाच्या फेणीला ते लागू नाही. हुर्राक साठवू नका, तो त्याच हंगामात संपवायचा असतो. विमानाने आणायचं तर कंपनीची सीलबंद बाटलीच चालते, ती चेक-इन सामानात जाते आणि माणशी पाच लिटरची मर्यादा आहे. भट्टीवरून प्लास्टिकच्या बाटलीत घेतलेली फेणी विमानतळावर अडते. रस्त्याने महाराष्ट्रात आणणार असाल तर उत्पादन शुल्क खात्याचा परवाना आधी काढून ठेवा. सीमेवरच्या पत्रादेवीच्या नाक्यावर गाडी तपासतात.