सेंट्रल पार्कातला हॅम्लेट, अजून डोक्यातून जात नाहीये

2023 च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कात डेलाकोर्ट या उघड्या थिएटरमध्ये बघितलेलं नाटक आहे, पण कोणी शेक्सपिअरचा विषय काढला की मला पहिलं हेच आठवतं म्हणून लिहितेय. तिकीट फुकट, 1962 पासून तसंच आहे, फक्त सकाळी पार्कात लाईनीत बसायचं, दुपारी बाराला माणशी दोन तिकिटं मिळतात. आम्ही न्यू जर्सीहून पहाटे निघालो, चटई आणि पोळीभाजीचा डबा घेऊन.

दिग्दर्शक केनी लिऑन. डेन्मार्कच्या जागी 2021 चं अटलांटा, राजघराणं म्हणजे एक श्रीमंत ब्लॅक कुटुंब, कपडे आजचे. स्टेजवर कलंडलेलं घर आणि जमिनीत रुतलेली गाडी. 2019 ला त्यांनी इथेच एक कॉमेडी केली होती, तेव्हा हेच घर ताठ उभं होतं, तिकडच्या राजकारणी स्टेसी अब्राम्सचा निवडणुकीचा बॅनर लावलेला. आता ते घर बॅनरसकट असं खचलेलं बघूनच पोटात कालवतं.

पण मला खरं सांगायचंय ते भुताबद्दल. आठला नाटक सुरू होतं तेव्हा चक्क उजेड असतो, हॅम्लेटच्या बापाची अंत्ययात्रा आपण त्या उजेडात बघतो, मग हळूहळू झाडं काळी व्हायला लागतात आणि तेवढ्यात त्या बापाचं भूत येतं. म्हणजे येतच नाही! आवाज सॅम्युअल एल. जॅक्सनचा, पण तो निघतो हॅम्लेटच्याच तोंडातून, आपल्याकडे अंगात येतं ना अगदी तसं. हॅम्लेट झालेल्या ॲटो ब्लँक्सन-वुडचं अख्खं शरीर पिळवटतं. साध्या आजच्या कपड्यातला पोरगा, म्हणून जास्त भीती वाटते, कारण सूड घे म्हणून बाहेरून कोणी सांगत नाहीये, बाप त्याच्या आतच बसलाय आणि त्याला तो काढताच येणार नाही. मी मराठीतले हॅम्लेटचे प्रयोग बघितलेत, हा विचार कधी मनात आला नव्हता.

जॉन डग्लस थॉम्पसनचा क्लॉडियस, म्हणजे बापाला मारून राजा झालेला काका, जबरदस्त, एकेक शब्द लांबपर्यंत स्वच्छ. सोलिया फायफरची ऑफेलिया, हॅम्लेटची प्रेयसी, गाते तेव्हा अंगावर काटा येतो.

एक मात्र खटकलं, राजकारणाचा भाग बराच कापलाय, नॉर्वेचा राजपुत्र फॉर्टिनब्रास नाहीच, मग तो बॅनर कशाला असं वाटत राहतं.

2024 ला पीबीएस या अमेरिकन टीव्ही चॅनेलवर रेकॉर्डिंग दाखवलं होतं, मिळालं तर नक्की बघा, पण खोलीतले दिवे बंद करून आणि शक्यतो संध्याकाळी, अंधार पडता पडता.